पूर्वेच्या शेजाऱ्याचं फावडं

जमीन गोठलेली होती, हे लाउस्टच्या पथ्यावरच पडलं. आईला पुरणार कुठं, असं कुणी विचारलं की तो अंगणात बुटाची टाच आपटून दाखवायचा. टाच खणकन वाजायची आणि विचारणारा गप्प बसायचा. ज्या जमिनीत कुदळीचं टोक वाकतं तिथं माणूस काय पुरणार?

म्हणून मेटेआई जानेवारीपासून धान्याच्या कोठीत होती. लाउस्टनं पेटी स्वतःच्या हातानं केली होती, चांगली जाड फळ्यांची, आणि ती दोन घडवंच्यांवर ठेवली होती. कोठीत जागेला तोटा नव्हता. गेल्या उन्हाळ्यात मका कणसं धरायच्या आतच होरपळला होता, त्यामुळे अर्धी कोठी रिकामीच होती. थंडी अशी होती की बादलीतलं पाणी विहिरीपासून गोठ्यापर्यंत नेईस्तोवर त्यावर साय धरायची. अशा थंडीत मेलेल्या माणसाला घाई नसते. घाई होती ती सिसेलला.

कोंबड्यांचे दाणे आणायला तिला रोज सकाळी कोठीत जावं लागे. लाउस्ट एकदाही गेला नाही. घोड्यांचे ओट हवे असले तरी तो दाराबाहेर पोतं धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "जरा भरून दे गं." सिसेल आत जाऊन माप भरायची, पेटीवरची धूळ एप्रनच्या टोकानं पुसायची आणि पेटीशी बोलायची.

"आई, आज पण वाराच आहे. लाल गाय आटली. तुमचा मुलगा बाहेर उभा आहे."

म्हातारी जिवंत असताना दोघींचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. मेटेआई बोलायची, सिसेल ऐकायची. सिसेलचं माहेर देवभीरू. बाप जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना करायचा की ताटातल्या सुपावरची चरबी थिजायची. "तुझ्या माहेरी हसायलासुद्धा परवानगी लागत असेल ना गं?" असं म्हातारी चारचौघांत विचारायची आणि वर स्वतःच खदखदा हसायची. सत्तरी गाठली तरी ती सभागृहात पोरींना नाच शिकवायला जायची. सूनबाईनं एखादं जड भांडं उचललं की हातातून काढून घ्यायची. "ठेव, तुझ्यानं नाही होणार." बारा वर्षं सिसेलनं हे वाक्य गिळलं होतं.

पण शेवटच्या आठवड्यात म्हातारीच्या छातीत कफ दाटला, तेव्हा तिनं मुलाला नाही, सुनेला जवळ बोलावलं.

"एस्बेनच्या उजव्या अंगाला माझी जागा आहे," ती म्हणाली. "या गाढवानं ती घालवलीय. तू बघ."

तू बघ. बारा वर्षांत म्हातारीनं तिच्यावर सोपवलेलं हे पहिलं काम.

जागा घालवली होती ती अशी. एस्बेन म्हणजे मेटेआईचा नवरा. तो आणि आणखी काही घरं डेन्मार्कातल्या जटलंडहून निघून अमेरिकेत नेब्रास्काच्या या माळावर आली तेव्हा इथं झाड नव्हतं, दगड नव्हता, गवत तेवढं होतं. गवताच्या ढेकळांच्या भिंती रचून एस्बेननं घर बांधलं आणि या वस्तीतली पहिली उपासना त्या घरात झाली. छतातून माती गळत होती, म्हणून पाद्र्याच्या डोक्यावर मेटेआईनं चादर धरली होती. पहिला बाप्तिस्मा लाउस्टचा झाला, तो तिच्या पिठाच्या परातीत. पुढं मंडळी वाढली. रेल्वेच्या ठाण्यावरून बैलगाड्यांतून लाकूड आलं, आणि एस्बेननं आपल्या शेताचा कोपरा चर्चला दिला. कोपरा रस्त्याच्या पश्चिमेला, आणि वेदी तर पूर्वेलाच हवी; म्हणून चर्चची पाठ रस्त्याकडे आणि दार मागच्या शेताकडे झालं. आजूबाजूचे जर्मन हसायचे की डेन लोकांनी चर्च उलटं बांधलं. मेटेआई म्हणायची, "देव काय रस्त्यानं येतो?"

चर्च बांधणाऱ्यांना तीच जेवू घालायची. मनोऱ्यावर चढलेल्यांत पूर्वेच्या शेतातला ग्रेगर्स सगळ्यांत पोरगेला होता. चर्चच्या बाजूला पुढं सभागृह बांधलं. तिथं हिवाळ्यात व्याख्यानं, गाणी, कसरती आणि शनिवारी नाच. आणि त्या नाचावरूनच सगळं बिनसलं.

मुळात भांडण फार वरचं होतं. देवाचं वचन म्हणजे नेमकं काय, यावर सगळ्या अमेरिकेतले डेन पाद्री तेव्हा एकमेकांच्या झिंज्या धरून बसले होते. पण वस्तीवर येईपर्यंत त्याचा नाच झाला. एक पक्ष म्हणायचा, माणसानं आधी माणसासारखं जगावं, गावं, नाचावं, मग ख्रिस्ती व्हावं. दुसरा म्हणायचा, पश्चात्ताप करा, वेळ थोडा आहे. पहिल्यांना लोक 'हसरे' म्हणत आणि दुसऱ्यांना 'सुतकी'. ही नावं एकमेकांनी एकमेकांना ठेवली होती आणि दोन्ही चपखल बसली होती.

जानेवारीच्या सभेत सुतक्यांनी मत जिंकलं. सभागृहाला कुलूप लागलं. ग्रेगर्स चर्चचा पंच झाला होता, त्यानं निकाल वाचला. तेव्हा लाउस्ट उठला. लाउस्ट आणि ग्रेगर्स लहानपणापासूनचे सोबती. एकमेकांचं गवत कापलेलं, एकमेकांच्या गाईंची वासरं ओढून काढलेली. लाउस्टचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आमचं घर यातून वजा करा," तो म्हणाला. "माझं पाऊल पुन्हा या फाटकातून आत पडणार नाही. आमच्या बापाच्या जमिनीत तुम्ही आम्हाला नाच बंद करता काय."

ग्रेगर्सनं विचारलं, "सगळं घर?"

"सगळं घर."

घरात आई होती, तिला विचारलं नव्हतं. बायको होती, तिलाही विचारलं नव्हतं. बायकांना तिथं मतच नव्हतं, त्यामुळे विचारायचं कुणाला सुचलंही नाही. आणि आठ दिवसांत आई गेली. कबरस्तान चर्चच्या आवारात, आवार सुतक्यांचं, फाटकाला ग्रेगर्सनं साखळी घातलेली. आता लाउस्टला आईसाठी जागा हवी तर ग्रेगर्सच्या उंबऱ्यावर जाऊन टोपी काढायला हवी. तो जीव देईल पण टोपी काढणार नाही, हे सिसेलला ठाऊक होतं.

तिचं स्वतःचंही एक दुखणं होतं, ते ती कुणाला सांगत नव्हती. मनातून ती सुतकीच होती. लाउस्टनं घर वजा केल्यापासून तिला वेदीपाशी प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षारस मिळाला नव्हता. रविवारी हसरी मंडळी पाले चांभाराच्या खोलीत जमायची, तिथं चामड्याच्या वासात ती बसायची. गाणी छान होती. तिचं लक्ष लागायचं नाही. हात मांडीवर ठेवले तरी स्वस्थ राहायचे नाहीत.

मार्चच्या मध्यावर वारा दक्षिणेकडून फिरला. वळचणीला टपटप सुरू झाली, अंगणातला बर्फ राखाडी झाला, आणि लाउस्टनं टाच आपटली तर ती फसकन आत गेली. त्यानं टाच बाहेर काढली, बूट झटकला आणि गोठ्यात निघून गेला.

त्याच दुपारी पाले चांभार आला. म्हातारा, उंच, आवाजानं भरदार. हसऱ्यांचं गाणं तोच सुरू करायचा. कॉफी ओतून घेत तो म्हणाला, "ठरलं बरं का. माझ्या कुरणाचा वरचा तुकडा मी देतो. आपलं कबरस्तान. आणि पहिला मान मेटेचा. जुनं चर्चही तिच्याच घरातून निघालं, नवंही तिच्यापासूनच सुरू होईल."

लाउस्टच्या तोंडावर हिवाळ्यानंतर पहिल्यांदा तरतरी आली. "हे बेस झालं," तो म्हणाला. "शनिवारी करू. उद्या खुंट्या ठोकतो."

"तिथं कोण आहे?" सिसेलनं विचारलं.

"कोण म्हणजे? कुणी नाही. पहिलीच ती."

"म्हणजे एकटी."

"मान आहे तो, सिसेल," पाले समजावत म्हणाला. "आपण मागून येऊच की सगळे."

"तुम्ही याल तेव्हा याल. चाळीस वर्षं नवऱ्याच्या कुशीत झोपलेली बाई ती. तिला तुमच्या कुरणात गुरांसोबत टाकायचं?"

लाउस्टनं कप ठेवला. "तुला काय गं तिचा एवढा पुळका? जिवंत होती तेव्हा तोंड फिरवायचीस."

हे खरं होतं, म्हणून लागलं. सिसेलनं कप उचलले, विसळले, आणि विसळताना एका कपाच्या कानाचा तुकडा उडाला. त्या संध्याकाळी दूध काढताना गाय अस्वस्थ झाली, कारण तिचे हात अस्वस्थ होते. शेवटी गाईनं बादलीत पाय दिला. सिसेलनं सांडलेल्या दुधाकडं पाहिलं आणि तिला रडू आलं. तिथंच गाईच्या पोटाला डोकं लावून ती रडली आणि रडता रडता तिला वाट सुचली.

परवानगी मागायची कशाला? आमंत्रण द्यायचं.

जटलंडच्या गावातून या लोकांनी जे काही पेट्यांत भरून आणलं होतं, त्यात एक रीतही आली होती. मयताच्या घरानं कबरीच्या फावड्याला हात लावायचा नाही. फावडं पूर्वेच्या शेजाऱ्याचं. घरचं माणूस दारोदार जाऊन सांगणार, उंबऱ्यात उभं राहून, शब्द बोलून होईस्तोवर बसायचं नाही. आणि ज्याला सांगितलं तो आला नाही, असं झालेलं कुणाला आठवत नव्हतं. कुंपणावरून कोर्टात गेलेले शेजारीसुद्धा आले होते, खणून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी परत कोर्टात गेले होते. ही रीत चर्चच्याही आधीची होती. सांगायला मात्र पुरुष जायचा. बाई गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

सकाळी लाउस्ट खुंट्या तासत बसला होता. सिसेलनं काळा पोशाख घातला, रुमाल घट्ट बांधला आणि चिखलातून पूर्वेकडं निघाली.

ग्रेगर्स गोठ्यात होता, उघड्या अंगानं, कोपरापर्यंत हात गाईच्या आत. वासरू अडलं होतं. त्याची बायको बोडिल शेपूट धरून उभी होती. दारात कोण आलं हे बघायला त्यानं मान वळवली आणि परत गाईकडं फिरवली.

"लाउस्टनं पाठवलं का?"

"नाही."

"मग थांब जरा. एक पाय मागं वळलाय."

सिसेल थांबली. बोडिल तिच्याकडं बघेना. दोघी एकाच बाकावर बसून प्रार्थना करायच्या, आणि जानेवारीपासून रस्त्यात भेटल्या तरी मान खाली. ग्रेगर्सनं दात आवळून काहीतरी सरळ केलं, दोन इवले खूर बाहेर आले, त्यांना त्यानं दोर बांधला. तो ओढू लागला, पाय घसरला, पुन्हा ओढू लागला. बोडिलला सहावा महिना होता, ती ओढणार नव्हती. सिसेलनं बाह्या वर केल्या आणि दोराचं टोक धरलं.

"कळ आली की ओढ. मधे नको," ग्रेगर्स म्हणाला.

कळ आली. दोघांनी ओढलं. पुन्हा आली, पुन्हा ओढलं. वासरू एकदम सुटलं आणि दोघं पेंढ्यात बसली. ग्रेगर्सनं वासराच्या नाकातला चिकटा साफ केला, ते शिंकलं. सिसेल उठली. काळ्या पोशाखावर ओलं, रक्त, पेंढा. ती दारापर्यंत मागं गेली, उंबऱ्यात उभी राहिली आणि हात पोटावर बांधून रीतीचे शब्द बोलली.

"लाउस्टच्या घरून तुम्हा दोघांना नमस्कार. मेटे एस्बेन शनिवारी घरातून निघतेय. तिच्या मागं चालायला या आणि घरी येऊन मीठभाकर खा, अशी विनंती आहे. तू पूर्वेचा शेजारी आहेस, ग्रेगर्स. फावडं तुझं."

ग्रेगर्स हात पुसत होता तो थांबला.

"वहिनी, हे असं नाही चालत. त्यानं स्वतःच्या तोंडानं घर वजा केलं. मी परत विचारलंही त्याला."

"तू त्याला विचारलंस. तिला नाही."

"मी पंच आहे. लोक काय म्हणतील?"

"मी पंचाकडं आलेच नाही. पंचाकडं जायचं असतं तर चर्चमध्ये गेले असते. मी शेजाऱ्याच्या गोठ्यात आलेय."

बोडिल पहिल्यांदा बोलली. "कुठं खणायचं म्हणतेयस?"

"एस्बेनच्या उजव्या अंगाला. एस्बेनची कबर यानंच खणली होती, जागा सोडून. तेव्हा मेटेआईनं याला काय दिलं होतं, विचार."

ग्रेगर्सचे कान लाल झाले. "खरवडायला तिची कढई," तो पुटपुटला. "मला साखरेची खरवड आवडायची."

कुणी हसलं नाही. वासरू उठायला बघत होतं आणि पडत होतं. ग्रेगर्सनं सदरा अंगात घातला, बटण उलटं लावलं, पुन्हा काढलं.

"पाद्रीसाहेब ऐकणार नाहीत," तो म्हणाला.

"त्यांनाही आमंत्रण आहे. आता तिकडंच चाललेय."

पाद्री व्हिंथर हडकुळा, खोकल्यानं बेजार माणूस. तो विहिरीभोवतीचा बर्फ कुदळीनं फोडत होता. सिसेलनं शब्द बोलले. तो ऐकत राहिला, मग कुदळीवर रेलला.

"म्हातारीनं स्वतः चर्च सोडलं होतं?"

"तिला कळलं तेव्हा ती अंथरुणावर होती. तिनं मुलाला गाढव म्हटलं."

"मग मी दोन महिने वाट कुणाची बघतोय?" पाद्री चिडून म्हणाला. "मला कुणी विचारलंच नाही. ग्रेगर्स म्हणाला ते येणार नाहीत, ते म्हणत असतील आम्ही घेणार नाही."

सिसेल विहिरीच्या कठड्याला टेकली. सगळा हिवाळा, एवढी मोठी पेटी, आणि विचारायचं कुणी, एवढ्यावर अडलेली.

"पण कबरीपाशी सभागृहातली गाणी नकोत," पाद्री म्हणाला. "भाषणंही नकोत. तीन फावडी माती, प्रार्थना, बस."

"बरं," सिसेल म्हणाली. पालेला हे कसं सांगायचं, हे तिला कळेना.

तिनं सगळी वस्ती पालथी घातली. सुतक्यांची घरं, हसऱ्यांची घरं. पाले म्हणाला, "म्हणजे माझं कुरण नको तर," आणि दार लोटून घेतलं, मग पुन्हा उघडून म्हणाला, "किती वाजता निघायचंय?" संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पायातले मोजे चिखलानं घट्ट झाले होते. लाउस्ट चुलीपाशी होता. तासलेल्या खुंट्या दाराशी रचल्या होत्या. बातमी तिच्या आधी पोचली होती.

"कुणाला विचारून?" तो म्हणाला.

"तू जानेवारीत कुणाला विचारलंस?"

"माझी आई आहे ती."

"तुझी आई आहे म्हणून तू तिला कोठीत ठेवलीस. एक दिवस आत जाऊन बघितलंस का? कोंबड्यांचे दाणे काढताना मी रोज तिच्याशी बोलते. तू पोतं धरून बाहेर उभा राहतोस. तुला लाज वाटते तिची, लाउस्ट. तिच्यासमोर जायची लाज वाटते."

लाउस्ट उभा राहिला. त्याचा हात वर गेला आणि चुलीवरच्या फळीला धरून राहिला. मग तो म्हणाला, आवाज बसलेला होता, "मी सगळ्यांदेखत बोललोय. त्या फाटकातून पाऊल टाकणार नाही. आता टाकलं तर जन्मभर ग्रेगर्स माझ्या तोंडावर हसेल."

"नको टाकूस. गाडी तरी हाकशील का?"

त्यानं दुधाची बादली उचलली.

"घोडे माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत," तो शेवटी म्हणाला आणि दूध काढायला गेला.

दोन दिवस सिसेलनं भट्टी विझू दिली नाही. काळा पाव, गोड सूप, डुकराची मांडी. नदीकाठच्या देवदाराच्या फांद्या तोडून आणल्या आणि त्यांचे तुकडे दारापासून रस्त्यापर्यंत पसरले, तेही रीतीप्रमाणं. पूर्वेला चर्चच्या आवारात एक माणूस सकाळपासून खाली वर होताना दिसत होता. दुपारी त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. लाउस्ट गोठ्याच्या दारातून तिकडं बघायचा आणि आत जायचा. परत यायचा, परत बघायचा.

"वरची हातभर माती सुटलीय, खाली अजून दगडासारखी आहे," तो एकदा स्वतःशीच म्हणाला. "एकट्यानं खणतोय बेटा."

शनिवारी उन्हाचं तेज होतं आणि चिखल घोट्यापर्यंत. सगळे आले. न येण्याची हिंमत कुणालाच झाली नाही. सुतकी रस्त्याच्या एका कडेनं, हसरे दुसऱ्या, आणि मधून गाडी. लाउस्ट पुढं बसला होता, काळी टोपी, घोड्यांच्या कानांकडं नजर. चर्च उलटं असल्यामुळे गाडीला वळसा घालून शेताकडून फाटकाशी यावं लागलं. साखळी काढलेली होती. लाउस्टनं लगाम खेचले आणि गाडी फाटकाच्या बाहेर उभी केली. तो उतरला नाही.

माणसांनी पेटी खाली घेतली. सहा जण लागायचे, तीन या अंगाला, तीन त्या. पाच पुढं झाले, दोन्ही पक्षांचे. डोक्याकडची उजवी बाजू मुलाची. ती मोकळी राहिली. कुणी तिथं हात घालेना, कारण मुलगा समोर बसलेला होता आणि त्याच्यादेखत त्याची जागा घेणं बरं दिसलं नसतं. पाच जण पेटी धरून तिरके उभे राहिले. पाद्री खोकला. लाउस्टनं घोड्याच्या मानेवरची न बसलेली माशी हाकलली.

सिसेल पुढं झाली आणि तिनं दोराची कडी धरली.

"वहिनी, जड आहे," समोरून ग्रेगर्स हळूच म्हणाला.

"चला," ती म्हणाली.

जड होतीच. दोर तळहातात रुतला, खांदा निखळतो की काय असं झालं, बूट चिखलात अडकून एक पाऊल नुसत्या मोज्यावर पडलं. तिनं पाय तसाच पुढं टाकला. फाटकातून आत, थडग्यांमधून, एस्बेनच्या दगडापर्यंत. म्हातारी असती तर हातातून काढून घेतलं असतं. आता तिला काढून घेता येत नव्हतं, आणि सिसेलनं दात आवळून कड गाठली. पेटी खाली गेली तेव्हा तिचे हात उघडेनात.

पाद्र्यानं तीन फावडी माती टाकली. मातीत अजून बर्फाचे खडे होते, ते पेटीवर वाजले. पालेनं छाती भरून श्वास घेतला. सिसेलनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं तो श्वास तसाच सोडून दिला. ग्रेगर्सनं फावडं उचललं आणि कबर बुजवायला सुरुवात केली.

तेवढ्यात उत्तरेच्या अंगानं तारा करकरल्या.

सगळ्यांनी माना वळवल्या. गाडीवर कुणी नव्हतं. लाउस्ट काटेरी तारेच्या कुंपणात होता, एक पाय आत, एक बाहेर, आणि विजार मागून अडकलेली. त्यानं हिसका दिला. फाटल्याचा आवाज दूरवर ऐकू गेला. मग तो थडग्यांमधून वाट काढत आला, टोपी हातात, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मागून मांडीची गोरी कातडी दिसत होती. तो ग्रेगर्ससमोर उभा राहिला आणि फावड्याला हात घातला.

घरच्या माणसानं फावडं धरायचं नसतं. ग्रेगर्सनं ते सोडलं नाही. दोघं दांड्याला धरून उभे राहिले, पोरगेपणी एखाद्या काठीवरून उभे राहिले असतील तसे. लाउस्टच्या नाकातून पाणी गळत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं.

"माझी आई आहे," लाउस्ट म्हणाला.

"माहीत आहे," ग्रेगर्स म्हणाला आणि दांडा सोडून दिला.

लाउस्टनं एकट्यानं सगळी माती ओढली. कुणी घरी निघालं नाही. शेवटी फावड्याच्या पाठीनं त्यानं ढीग थापला, उजव्या बाजूनं, डाव्या बाजूनं, आणि परत उजव्या. मग फावडं ग्रेगर्सच्या हातात दिलं आणि आला तसाच कुंपणाकडं गेला. या वेळी ग्रेगर्स मागोमाग गेला आणि काही न बोलता त्यानं वरची तार उचलून धरली.

घरी सगळे जेवले. सुतकी खिडकीकडच्या बाकावर, हसरे भिंतीकडच्या. मिटलं काहीच नाही. पालेनं कॉफीनंतर गाणं धरलं, तेव्हा निम्मे गायले आणि निम्म्यांनी कपात बघितलं. तरी बोडिलचे ओठ हलत होते, हे सिसेलनं पाहिलं. लाउस्ट भिंतीला पाठ लावून बसला होता तो उठायला तयार नव्हता.

"विजार काढून दे भाऊजी, दोन टाके घालते," बोडिल म्हणाली.

"बसलोय तो बरा बसलोय," लाउस्ट म्हणाला.

या वेळी मात्र दोन्ही बाकांवरची माणसं हसली.

पाहुणे गेल्यावर, सूर्य टेकायच्या वेळी, दोघं गोठ्यात होती. सिसेलच्या तळहाताला फोड आले होते. ती बोटांच्या टोकांनी दूध काढत होती. लाउस्टनं तिला उठवलं आणि स्वतः स्टुलावर बसला. ती शेजारी उभी राहिली. कोठी आता रिकामी होती आणि उद्या दाणे काढताना कुणाशी बोलायचं, हे तिच्या मनात आलं.

"उद्या रविवार," ती म्हणाली. "मी चर्चला जाणार."

"पालेकडं का?"

"नाही. तिकडं. आई आहे तिथं."

दुधाची धार थांबली. लाउस्टनं कपाळ गाईच्या पोटाला लावलं होतं, त्याचा चेहरा दिसत नव्हता. सिसेल वाट बघत राहिली. तो ओरडला तरी ती जाणार होती, आणि हे त्यालाही कळलं असावं. धार पुन्हा सुरू झाली.

"चिखल फार आहे," तो म्हणाला. "फाटकापर्यंत सोडतो."